पाटावरचे वडील

आमच्या बाबांना सिंगापूरमध्ये खो-खो रुजवायचा होता. आज हे वाक्य लिहिताना मलाच थोडं हसू येतं, पण तेव्हा आमच्या घरात आईखेरीज कुणी हसायचं नाही. बाबांनी बोटीवरची नोकरी सोडली होती आणि ते बंदरातल्या एका जहाजदुरुस्तीच्या कंपनीत लागले होते. आम्ही पासिर रिसला फ्लॅट घेतला होता. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर काढलेला माणूस एकाएकी दर रविवारी घरी असायला लागला. पहिले काही रविवार त्यांनी फ्लॅटमधल्या प्रत्येक नळाचा वॉशर बदलला, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, शेजारच्या चिनी आजोबांचा पंखाही उतरवून पुन्हा बसवला. मग दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही आणि खो-खो सुरू झाला. आई म्हणायची, "घरातला एखादा नळ मुद्दाम गळता ठेवायला हवा होता मी."

तरुणपणी मिरजेहून ते जिल्ह्याच्या संघात खेळले होते. त्याबद्दल ते फार बोलत नसत, पण जेवताना ताटाभोवती वाटी सरकवत कुणी कुणाला कशी हूल दिली ते दाखवायचे, आणि तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा आम्हाला अनोळखी वाटेल इतका तरुण व्हायचा. गणपतीच्या कार्यक्रमात त्यांनी पासिर रिस आणि आसपासच्या मराठी घरांमधली बारा मुलं-मुली गोळा केली. त्यात मी होते, माझा मोठा भाऊ आदी होता, बाकीचीही सगळी ट्यूशन आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये सापडलेली. आमचा ब्लॉक, म्हणजे इमारत, खांबांवर उभा होता आणि खाली मोकळी जागा होती. तिथल्या सिमेंटवर बाबांनी चिकटपट्टीचे चौकोन आखले आणि आम्हाला पाठमोरं बसायला शिकवलं. आठ जणांनी एका ओळीत बसायचं, एकाचं तोंड इकडे तर पुढच्याचं तिकडे. नववा पाठलाग करणार. त्याला ओळ ओलांडता येत नाही, मागे फिरता येत नाही. पळणारा पलीकडे गेला, तर त्या बाजूला तोंड करून बसलेल्याच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचं, की तो उठणार आणि हा त्याच्या जागी बसणार. दिशा बदलायची ती फक्त ओळीच्या दोन टोकांना असलेल्या खांबांपाशी.

"अंकल, धिस इज जस्ट कॅचिंग लाह," एक मुलगा म्हणाला. कॅचिंग म्हणजे इथला शिवाशिवीचा खेळ, आणि वाक्याला 'लाह' नाहीतर 'मेह' अशी शेपटी जोडायची इथल्या मुलांची सवय. बाबांना ते फार लागलं. त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि म्हणाले, "कॅचिंगमध्ये एकटा पळतो. इथे तुझ्या पाठीमागे काय चाललंय ते तुला दिसत नाही, तरी तू तयार बसतोस. हात लागला की उठतोस. कुणाचा लागला, ते बघतसुद्धा नाहीस." त्या मुलाला किती कळलं कोण जाणे. तो पुढच्या रविवारी आला आणि त्याच्या पुढच्याही, एवढं खरं.

मला त्या रविवारांचे आवाज अजून आठवतात. उजाडायच्या आत खालच्या झाडावर कोकीळ ओरडायला लागायचा आणि शेजारचे आजोबा खिडकी धाडकन लावून घ्यायचे. चांगीकडे उतरणारी विमानं इतकी खाली यायची, की आईला कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या नाहीत आणि ती त्या विमानांना नावं ठेवायची. ती आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत हिशेब बघायची. आठवडाभर त्या वातानुकूलित खोलीत आखडलेले खांदे रविवारी पोहे परतताना मोकळे होतात असं म्हणायची, पण तो तिचा भलेपणा होता. पोहे आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरायचे, वर खोबरं, कोथिंबीर, आणि ज्याला तिखट चालत नाही त्याच्या डब्यावर रबरबँड. लिंबाच्या सरबताचा निळा कॅन आदीने उचलायचा. "तालुका क्रीडाधिकारी, निघा आता," ती बाबांना म्हणायची, आणि बाबा खरंच एखाद्या तालुक्याला निघाल्यासारखे शिट्टी गळ्यात अडकवून निघायचे.

आमचं खरं मैदान म्हणजे ब्लॉकपलीकडचं गवत. ते सरकारी, तिथे खड्डा खणायची परवानगी नाही. आणि खांब जमिनीत पुरल्याशिवाय खो-खो कसला? पळणारा खांबाला वळसा घालतो तेव्हा पाठलाग करणारा एका हाताने खांब धरून, अख्खं अंग बाहेर झोकून देऊन त्याला शिवतो. याला सूर मारणं म्हणतात. सगळा भार खांबावर. बाबांनी ओळखीच्या वर्कशॉपमधून दोन लोखंडी नळ्या कापून आणल्या, त्यांना खाली जाड चौकोनी पत्रे जोडून घेतले, वर रबर चढवलं. त्या पत्र्याला ते पाट म्हणायचे. पण सूर मारला की पाट एका बाजूने उचलला जायचा. वाळूची पोती ठेवून पाहिली. मुलं त्यांना अडखळून पडली, आणि ती पोती दर रविवारी वाहून आणणार कोण? तेव्हा बाबांनी युक्ती काढली. मुलांना सोडायला आलेले वडील नाहीतरी झाडाखाली फोन बघत उभे असतात. त्यांनी पाटावर उभं राहायचं. एका खांबामागे एक बाप, दोन्ही पाय पाटावर, खांबाला चिकटून. पळणाऱ्याने खांबाला आणि बापाला मिळून वळसा घालायचा. नियम दोनच: मैदानात चप्पल-बूट चालणार नाहीत, आणि पाटावरून पाय हलवायचे नाहीत.

सुरुवातीला सगळे हसले. मग सवय झाली, आणि त्याहून पुढे जाऊन वडिलांना ते आवडायला लागलं. पँटचे पाय दुमडून, अनवाणी, ऊन लागू नये म्हणून डोक्यावर रुमाल टाकून उभे असलेले ते अकाउंटंट आणि इंजिनिअर आपापल्या मुलांना इतक्या जवळून पळताना पहिल्यांदाच बघत होते. पाटावर कुणाची पाळी यावरून त्यांच्यात थट्टामस्करी व्हायची. बाबांना वाटायचं, मुलांबरोबर आपण त्यांच्या बापांनाही मैदानावर आणलं. आज मी जवळपास त्यांच्या तेव्हाच्या वयाची आहे, पण इतकं निखळ समाधान माझ्या वाट्याला फारसं आलेलं नाही.

पण एका संघाने खेळ होत नाही, हे त्यांना सारखं टोचायचं. आठ बसायला, एक पाठलागाला आणि तीन पळायला, म्हणजे बारा जणांत सराव होतो; सामना होत नाही. समोर कुणीतरी हवं. त्यांचा बेत मोठा होता: पासिर रिसचा एक संघ, ईस्ट कोस्टचा एक, मग बेटाच्या दुसऱ्या टोकाला एखादा. प्रत्येक मोठ्या मुलाच्या हाती एक लहान मूल द्यायचं, त्याला शिकवायचं. मोठी मुलं कॉलेजला, सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीला गेली, की लहान तयार असतील. आदीच्या हाती एक सात वर्षांचा गोलमटोल मुलगा होता, तो पळताना स्वतःच्याच पायात पाय घालायचा. आदीला स्वतःच्या ओ-लेव्हलच्या परीक्षेची नसेल एवढी त्याची काळजी. बाबा म्हणायचे, "दहा वर्षं हे टिकलं ना, की मग मी नसलो तरी चालेल." टिकायला दुसरा संघ हवा आणि दुसऱ्या संघासाठी कर्णिककाका हवेत, असं त्यांचं गणित होतं. कर्णिककाका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, ईस्ट कोस्टच्या कॉन्डोत राहायचे, आणि तिकडच्या मराठी घरांत त्यांनी एखादी गोष्ट केली की बाकीचे करत.

त्यांच्या घरी बाबा मला घेऊन गेले होते. काचेच्या टेबलावर बिस्किटं, खाली निळाशार पोहण्याचा तलाव.

"अहो माने, मुलांना वेळ कुठाय?" कर्णिककाका म्हणाले. "शनिवारी हिंदीचा वर्ग, रविवारी मॅथ्सची ट्यूशन, मध्ये टेनिस. आणि खो-खोचं सर्टिफिकेट चालणार कुठे?"

"कुठेच नाही," बाबा म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. पळतात मुलं. तुम्ही एकदा येऊन पाटावर उभे राहा, एवढंच म्हणतो."

"म्हणजे मी येऊन वजन म्हणून उभा राहू?" काका जोरात हसले. पण त्यांची मुलगी केतकी आतून ऐकत होती. ती माझ्याच वयाची, उंच, हातपाय लांबलचक, आणि टेनिसला कंटाळलेली. "पप्पा, कॅन आय गो अँड सी?" तिने विचारलं. ती आली, आणि पहिल्याच दिवशी तिने असा सूर मारला की बाबा शिट्टी वाजवायला विसरले. उपजत होतं ते तिच्या अंगात. घरी येताना लिफ्टमध्ये खांब टेकवत बाबा म्हणाले, "मीनल, ही मुलगी संघ उभा करील."

कर्णिककाका तिला सोडायला यायला लागले. आधी गाडीतच बसायचे. मग झाडाखाली. मग एक दिवस कुणी उरलं नाही म्हणून ते पाटावर चढले, पायाला लोखंड भाजू नये म्हणून वर्तमानपत्र अंथरून, कमरेला फोन. त्यांचे पाय पांढरेफटक आणि नाजूक होते, आम्ही मुली खुसखुसत होतो. काही रविवारांनी वर्तमानपत्र गेलं. फोन गाडीत राहायला लागला. सार्सची साथ येऊन गेली त्यानंतरचं वर्ष असेल ते, सगळीकडे माणसं अजून जरा बिचकूनच जवळ यायची, आणि हे गृहस्थ पाटावर उभे राहून दुसऱ्यांच्या मुलांना ओरडायचे, "अगं खो दे ना! बघतेस काय!" ईस्ट कोस्टची बारा मुलं त्यांनीच जमवली. बाबांनी ते आईला दारातूनच, चपला न काढता सांगितलं. आईने त्या दिवशी थट्टा केली नाही, रात्री शिरा केला.

सामना ठरला. दोन्हीकडची चोवीस मुलं, त्यांचे आईवडील, भाड्याने घेतलेलं ईस्ट कोस्टकडचं एक हिरवं मैदान. आयांनी साबुदाण्याची खिचडी आणि ढोकळे आणले होते. आकाश सकाळपासून काळवंडलेलं होतं आणि बाबा सारखे वर बघत होते, कारण वीज चमकली की इथे मैदान रिकामं करावं लागतं. मला तर वाटतं, वीज चमकली असती तर बरं झालं असतं.

पहिली पळती आमची होती, म्हणजे बसलेली मुलं ईस्ट कोस्टची. समुद्राकडच्या खांबामागच्या पाटावर कर्णिककाका होते. आमच्या पहिल्या तिघांत मी होते. मी चांगली पळायचे. ओळीतून नागमोडी जायचे, कुणाला सापडायचे नाही. ईस्ट कोस्टच्या मुलांना बराच वेळ एकही गडी मिळाला नाही. ती दमली, रडकुंडीला आली. मग केतकीला खो मिळाला आणि मी समुद्राकडच्या खांबाकडे सुटले. मी वळसा घेतला. माझं तोंड आता खांबाकडे होतं, कर्णिककाका माझ्या हाताच्या अंतरावर, आणि केतकी हवेत होती. तिची बोटं माझ्या कमरेला लागली. मी बाद झाले, तिच्या संघाचा पहिला गडी. त्याच क्षणी मी काकांना बघितलं. त्यांनी दोन्ही हात वर केले होते, तोंड उघडं, डोळे मिटलेले, आणि त्यांचे दोन्ही पाय पाटावर नव्हते. ते उडी मारत होते. मोठा माणूस इतक्या आनंदाने उडी मारताना मी त्याआधी पाहिला नव्हता.

पाट उचलला गेला आणि खांब केतकीला घेऊन खाली आला. तिचा उजवा हात नळीखाली होता. काका गवतावर कोलमडले. आवाज मोठा झाला नाही. ती ओरडलीही नाही, नुसती "मम्मी" म्हणाली, अगदी घरात हाक मारावी तशी. मग सगळ्या बायका एकदम धावल्या, कुणीतरी अँब्युलन्सला फोन केला, बाबांनी खांब उचलून बाजूला केला आणि आपला शर्ट काढून तिच्या हाताखाली सरकवला. तिचं कोपर जिथे असायला हवं तिथे नव्हतं. खिचडीचे डबे तसेच राहिले आणि मग पाऊस आला.

कोपराचं हाड चुरलं होतं. दोन वेळा ऑपरेशन झालं, आत धातूच्या पट्ट्या बसवल्या. तिचं परीक्षेचं वर्ष. हात पूर्ण सरळ होणार नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

बाबांनी ते दोन्ही खांब घरी आणून गॅलरीत आडवे केले आणि पाटांचे सांधे बोटांनी चाचपून पाहिले. ते शाबूत होते. मी जवळच उभी होते, मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, सांधा नाही तुटला. काका पाटावरून उडाले. मी बघितलं." त्यांनी मान वर केली नाही. "मीही बघितलं," ते म्हणाले. "शिट्टी माझ्या तोंडात होती."

कर्णिककाका आमच्या घरी आले ते चारपाच दिवसांनी. ऑफिसच्या कपड्यांत, दाढी वाढलेली. आईने पाणी ठेवलं, ते त्यांनी घेतलं नाही. बसलेही नाहीत.

"माने, मी तुमच्यावर विश्वास ठेवला," ते म्हणाले. "माझ्या मुलीचा हात गेला हो. जुगाड करून, घरी खांब बनवून तुम्ही मुलांचा खेळ मांडलात? मी पाटावर उभा होतो. माझ्यासारखा माणूस उभा असताना तो उलटला, मला फेकून देऊन उलटला! जरा कल्पना करा, काय जोड असेल ती."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसं आठवत होतं. ते खाली पडले होते, गुडघे फुटले होते, तेव्हा खांबानेच आपल्याला पाडलं असं त्यांच्या मनाने कधीच ठरवून टाकलं होतं. आपले पाय सुटले होते याचा त्यांना पत्ताही नव्हता. आदी दाराशी होता. त्याला मी सांगितलेलं होतं. त्याने बोलायला तोंड उघडलं, तर बाबांनी नुसता हात वर केला.

"चूक माझी आहे, कर्णिकसाहेब," बाबा म्हणाले.

"चूक म्हणून भागतं का?"

"नाही भागत."

काका दाराकडे वळले. त्यांना बहुधा भांडण हवं होतं आणि ते मिळालं नाही. मग त्यांना रडू आलं, आमच्या दारात, बूट घालताना. बाबांनी लिफ्ट येईपर्यंत त्यांच्या शेजारी उभं राहून बटण दाबून धरलं.

दार लावल्यावर घरात जे झालं ते मी विसरले नाही. आई चिडली म्हणजे तिचा आवाज खाली जायचा. "अहो, रविवारी सगळ्या पालकांची मीटिंग आहे. तिथे हाच माणूस उभा राहणार आणि म्हणणार, मान्यांनी कच्चे खांब केले. कोण ठेवील मुलं? दोन वर्षं घातलीत तुम्ही यात. एक वाक्य बोलायचंय फक्त."

"आणि ते ऐकून तो काय करील?" बाबा म्हणाले.

"ते मला माहीत नाही. पण खरं आहे ते."

"लेकीने गडी मारला म्हणून आनंदाने उडी मारली त्याने. गाडीतून खाली उतरत नव्हता तो माणूस. आपल्या त्या उडीने तिचा हात मोडला हे त्याला कळलं, तर तो पुढे तिच्याकडे बघणार कसा? जेवताना रोज तो हात समोर दिसणार त्याला."

"तुमचं काय मग? तुम्हाला नाही दिसणार?" आदी म्हणाला. तो रडत होता, सतरा वर्षांचा घोडा. "इट्स नॉट फेअर, बाबा. तुम्हीच सांगितलं होतं, पाय हलवायचे नाहीत."

"मीच सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "आणि माणसाला वजन म्हणून उभं करायची अक्कलही माझीच. जो पोराला बघायला आला तो पोराचं बघून उडी मारणार नाही, असं मी धरून चाललो. पोतं उडी मारत नाही. बाप मारतो. हे मला कळायला हवं होतं." मग ते आम्हा दोघांकडे वळले. "हे या घराबाहेर जाणार नाही. खेळ पुन्हा उभा राहील. पण त्या माणसाला हे कळलं, तर ते परत घेता येणार नाही."

खेळ पुन्हा उभा राहिला नाही. मीटिंगला मी गेले होते. कम्युनिटी क्लबमधली खोली, एसी फार थंड, खुर्च्या अर्धवर्तुळात. कर्णिककाका बोलले, फार कडूही बोलले नाहीत. एक आई म्हणाली, तसंही हे परीक्षेचं वर्ष आहे. कुणीतरी म्हणालं, बॅडमिंटन बरं, बंदिस्त असतं. जे वडील स्वतः हसत हसत पाटावर उभे राहिले होते, ते आता "आम्हाला तेव्हाच शंका आली होती" म्हणाले. मला त्यांची चीड आली आणि ती पुरती कधी गेली नाही. बाबांना विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का. ते उठले, म्हणाले, "मुलं छान खेळली," आणि बसले. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या अंगठीचा वळ उठला.

एकेक करून मुलं गेली. पुढचे दोन-तीन रविवार बाबा शिट्टी घेऊन खाली जात राहिले. आदीचा तो गोलमटोल चेला तेवढा यायचा, त्याचं घर समोरच्याच ब्लॉकमध्ये म्हणून. मग त्यालाही पोहण्याच्या क्लासला घातलं. आदी पुढे सैन्यातली दोन वर्षं करून आला तो खांदे रुंद होऊन आणि गप्प होऊन, आणि बाबांशी त्याचं बोलणं कामापुरतं राहिलं. त्याला बाबांचा तो मोठेपणा कधी पटला नाही. मला पटला होता का? वयाप्रमाणे माझं उत्तर बदलत गेलं. मला वाटायचं, बाबांनी एका माणसाला वाचवण्यासाठी चोवीस मुलांचा खेळ घालवला. स्वतःची मुलं झाल्यावर ते गणित मला मांडता येईना. बाबा रविवारी पुन्हा घरी बसायला लागले. वर्तमानपत्र घेऊन, ते न वाचता. त्यांच्या तोंडून मिरजेचं नाव येईनासं झालं. जेवताना ताटाभोवती वाटी फिरली नाही. माणूस आजारी नसतानाही घरात उणा होत जातो, हे मी त्या वर्षांत पाहिलं. आईने त्यांना चिडवणं सोडलं, आणि ते मला सगळ्यांत वाईट वाटायचं.

बाबा गेले तेव्हा भेटायला बरीच माणसं आली. कर्णिककाकाही आले, निवृत्त होऊन थकलेले, केतकी त्यांना गाडीतून घेऊन आली होती. मधल्या काळात आमचं जाणंयेणं उरलं नव्हतं. सणासुदीला कुठे दिसलो तर हसायचो. ते आईसमोर बसले आणि म्हणाले, "माने फार सज्जन माणूस होता, वहिनी. त्या खांबाचं मी केव्हाच मनातून काढून टाकलं. मी त्यांना माफ केलं होतं, हे त्यांना सांगायचं राहून गेलं." आई उठली. चहा बघते म्हणून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

मी तिच्यामागून स्वयंपाकघरात गेले, आणि केतकी कप घेऊन माझ्या मागे आली. आईने आम्हा दोघींकडे बघितलं आणि ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली. केतकीने कप ओट्यावर ठेवले. डाव्या हाताने. उजवा कोपरात वाकलेलाच असतो तिचा.

"यू नो, राइट?" ती म्हणाली.

"काय?"

"पप्पांचं. ही जम्प्ड." ती हळू बोलत होती. "सूर मारताना डोळे उघडे ठेवायचे, असं अंकलनीच शिकवलं होतं. मी बघत होते. पप्पा वर होते, दोन्ही पाय. मग खांब आला."

इतकी वर्षं मी समजत होते की हे आमच्या घरातल्या चौघांनाच ठाऊक आहे. "मग तू कधी बोलली नाहीस? हॉस्पिटलमध्ये? त्या मीटिंगच्या वेळी?"

"अंकल हॉस्पिटलमध्ये आले होते. मला वाटलं, ते पप्पांना सांगतील. ही डिडन्ट से. मग मला कळलं, सांगायचं नाहीये." तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "मीनल, पप्पा टेनिसला कधी नाही आले. कॉन्व्होकेशनला फोनवर होते. माझ्यासाठी ते असे उडाले ते तेवढंच. ते पण काढून घेऊ त्यांच्याकडून, मेह?"

बाहेरून काकांनी हाक मारली. "केतू, निघायचं का? काय बोलताय दोघी?"

"काही नाही, पप्पा," ती म्हणाली. ती बाहेर जाऊन त्यांच्या खुर्चीपाशी उभी राहिली. त्यांनी तिचा तोच वाकडा हात धरला, त्यावर भार दिला आणि उठले.